सोबत जोडले आहे

अण्णांच्या टेबलाच्या खणात एक दाभण असायचं. जिल्हा परिषदेत तीस-बत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं, ते माळ्यावर गेलं. दाभण मात्र टेबलाच्या खणात राहिलं. विजेच्या बिलांपासून माझ्या शाळेतल्या प्रगतिपुस्तकांपर्यंत घरातला प्रत्येक कागद त्यांनी त्या दाभणानं शिवून ठेवला आहे. पद्धत ठरलेली. कागद टेबलावर ठोकून सरळ करायचे, डाव्या कडेला भोकं पाडायची, पांढरा दोरा ओवायचा, गाठ मागच्या बाजूला मारायची आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात ‘पृष्ठे १ ते ४२’ असं लिहून खाली सही ठोकायची. गाठ मागेच का, असं मी लहानपणी विचारलं होतं. म्हणाले, "वाचणाऱ्याचा हात गाठीला लागता कामा नये."

अण्णा गेले. त्यानंतर चौथ्या महिन्यात एका रात्री साडेअकरा वाजता मी लॅपटॉपसमोर बसलो होतो. गावच्या जमिनीला वारस नोंद लावायची होती. मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ-अ, आईचं, दादाचं आणि माझं आधार कार्ड, शिवाय प्रतिज्ञापत्र. अर्ज ऑनलाइन. अट अशी की सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये हवेत आणि फाइलीचा आकार २ एमबीच्या आत. माझ्याकडे सात फायली होत्या आणि त्यांची बेरीज १९ एमबी.

पुढं मी जे केलं ते हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी केलं असणार. पीडीएफ फुकटात कसं जोडायचं ते शोधलं, जी साइट सगळ्यात वर आली तिच्यावर गेलो, सातही फायली माउसनं ओढून तिच्या चौकोनात टाकल्या, बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात एक फाइल हातात. ती मोठी होती म्हणून दुसऱ्या साइटवर जाऊन लहान केली. अर्ज भरला, झोपलो.

बाराव्या दिवशी अर्ज परत आला. शेरा होता : ‘सातबारा डिजिटल स्वाक्षरीचा नाही.’

आता, सातबारा डिजिटल स्वाक्षरीचाच होता. १५ रुपये भरून मीच उतरवून घेतला होता. मूळ फाइल उघडून पाहिली, सही जागेवर. जोडलेली फाइल उघडली, तिथंही सहीचा चौकोन दिसत होता. फक्त त्यावर टिचकी मारली की काहीच होत नव्हतं. सहीचं चित्र उरलं होतं आणि सही गेली होती.

मी पोटासाठी भाषांतरं करतो. संगणक माझ्या लेखी टाइपरायटरचा नातू. पण सही नेमकी कुठं गळाली हा प्रश्न डोक्यातून जाईना, आणि त्यामागे लागून गेले काही महिने मी पीडीएफच्या आणि पीडीएफ जोडण्या-तोडण्याच्या इतिहासात हिंडतो आहे. हा लेख त्या हिंडण्याचा.

*

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की या दोघांनी झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रातून बाहेर पडून १९८२च्या डिसेंबरात अडोबी कंपनी काढली. वॉर्नॉकच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचं नाव अडोबी, म्हणून कंपनीचं. पहिलं मोठं काम म्हणजे पोस्टस्क्रिप्ट, पान कसं छापायचं हे छपाईयंत्राला सांगणारी भाषा. १९८५मध्ये ॲपलच्या लेझररायटरमध्ये ती बसली आणि टेबलावरच्या टेबलावर पुस्तकं लावण्याचा धंदा जगभर सुरू झाला. आपल्याकडच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्यांची वंशावळ तिथवर पोचते.

पण पोस्टस्क्रिप्ट कागदावर उतरायची. एका संगणकावरचं पान दुसऱ्या संगणकावर जसंच्या तसं दिसेल याची खात्री नव्हती. फाँट नसला की मजकूर विस्कटायचा, दुसऱ्या प्रणालीवर फाइल उघडायचीच नाही. १९९१मध्ये वॉर्नॉकनं काही पानांचं एक टिपण लिहिलं आणि त्या प्रकल्पाला कॅमेलॉट असं नाव दिलं. टिपणातली मागणी साधी आहे : कुठल्याही प्रणालीतून कुठलाही दस्तऐवज पाठवता यावा, आणि तो कुठल्याही पडद्यावर दिसावा, कुठल्याही यंत्रावर छापता यावा. त्यातून १९९३च्या जूनमध्ये ॲक्रोबॅट बाजारात आलं आणि त्याबरोबर पीडीएफ.

हे टिपण मी दोनदा वाचलं. त्यातला दस्तऐवज तयार झालेला असतो. काम संपलेलं असतं, आता तो फक्त पाठवायचा आहे. पीडीएफचा स्वभाव तिथंच ठरला. पान म्हणजे एक कोरा चौकोन. त्याचा खालचा डावा कोपरा शून्य, एक इंचाचे ७२ भाग, आणि प्रत्येक अक्षर या मापानं अमुक जागी ठेवलेलं. परिच्छेद, वाक्य, तक्त्यातला रकाना यांपैकी कशाचीही त्या चौकोनाला माहिती असण्याची गरज नाही. रांगोळीच्या ठिपक्यांना मोर माहीत नसतो, तसंच.

सुरुवातीला धंदा चालेना. फाइल नुसती वाचण्याचं सॉफ्टवेअरही ५० डॉलरला विकत घ्यावं लागे. जे पत्र वाचायला पाकीट फोडण्याचे पैसे पडतात ते कोण मागवील? १९९४मध्ये वाचक फुकट झाला आणि मग अमेरिकेच्या करखात्यानं आपले फॉर्म पीडीएफमध्ये वाटायला सुरुवात केली तेव्हा गाडी रुळावर आली. पानं इकडून तिकडं हलवायची, दोन फायलींची एक करायची, तर मात्र पैसे भरून घेतलेलं ॲक्रोबॅटच लागे. थोडक्यात, वाचणं फुकट आणि दाभण-दोऱ्याचे पैसे.

मात्र अडोबीनं आणखी एक गोष्ट केली होती, आणि पुढचा सगळा इतिहास तिच्यामुळे घडला. पीडीएफ आतून कसं रचलेलं असतं याचं संपूर्ण वर्णन कंपनीनं पहिल्यापासून पुस्तकरूपात छापलं. ते वाचून कुणीही पीडीएफ बनवणारं किंवा उघडणारं सॉफ्टवेअर लिहू शकत होतं. २००८मध्ये तर हे वर्णन आयएसओ ३२००० या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. महागडं दाभण विकताना त्याचा नकाशा दुकानाच्या दारावर चिकटवून ठेवला होता म्हणा ना.

*

हा नकाशा घेऊन कामाला लागलेल्या माणसांची यादी करायला गेलं तर त्यांच्यात मला एक साम्य दिसतं. बहुतेक जण कुठल्यातरी कचेरीच्या नडीतून इथं आलेले आहेत.

अगदी सुरुवातीचा माणूस एल. पीटर डॉइच. पीडीएफ जन्मायच्या आधी, १९८८च्या ऑगस्टमध्ये त्यानं पोस्टस्क्रिप्ट समजणारं घोस्टस्क्रिप्ट हे सॉफ्टवेअर मुक्त केलं. मुक्त म्हणजे कोडसकट : घ्या, वापरा, बदला, वाटा. पुढं ते पीडीएफही वाचू-लिहू लागलं. फाइल लहान करण्याचं त्यातलं एक ठरीव माप पडद्यापुरतं, म्हणजे इंचाला ७२ ठिपके. त्याहून बरं हवं तर दीडशे. फाइल ‘लहान’ करणं म्हणजे बहुतेक वेळा इतकंच : आतल्या चित्रांचे ठिपके कमी करणं. आज लहान करून देणाऱ्या अनेक साधनांच्या पोटात घोस्टस्क्रिप्टच गुपचूप राबतं.

बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात ब्रुनो लोवाजी नावाचा माणूस विद्यार्थी-प्रशासनाची संगणकप्रणाली सांभाळत होता. विद्यार्थ्यांचे कागद पीडीएफमध्ये काढून द्यायला हवे होते. त्यासाठी लिहिलेल्या कोडातून २०००मध्ये आयटेक्स्ट हा मुक्त संच बाहेर पडला. तो उचलून अमेरिकेतल्या सिड स्टुअर्डनं पीडीएफ टूलकिट बनवलं, लोकांच्या तोंडी पीडीएफटीके. स्टुअर्ड त्याचं वर्णन करताना म्हणे की पीडीएफ हा जर इलेक्ट्रॉनिक कागद असेल, तर हे पिना काढायचं, भोकं पाडायचं आणि बांधणीचं यंत्र आहे. वाचताना मला अण्णांचा खण आठवला. इटलीच्या अँड्रिया वाकोंदियोनं २००६मध्ये हेच काम बटणांच्या खिडकीत आणलं, पीडीएफसॅम या नावानं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भीती वाटणाऱ्यांची सोय झाली.

जोडणं हे काम वरून दिसतं तितकं सोपं नाही, हे मला तेव्हा कळलं. एखादी पीडीएफ फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहा. पुष्कळसा मजकूर अगम्य दिसेल, पण मधूनमधून क्रमांक दिसतील. फाइलीतली प्रत्येक वस्तू, मग ते पान असो, फाँट असो की चित्र, तिला एक क्रमांक असतो आणि वस्तू एकमेकींना क्रमांकानं हाका मारतात : पान क्रमांक पाचच्या वस्तूला सांगतं की चित्र बारा इथं लाव. अगदी शेवटी अनुक्रमणिका, कोणती वस्तू फाइलीत किती अंतरावर आहे याची. वाचणारं सॉफ्टवेअर सुरुवात शेवटच्या पानापासून करतं, परीक्षेतल्या काही मुलांसारखं. आता दोन फायली जोडायच्या तर दोन्हींत पाच क्रमांकाची वस्तू आहेच. दोन गावं एक केली तर दोन्हीकडं गट नंबर १ असणार, तसं. सगळे क्रमांक नव्यानं द्यायचे, प्रत्येक हाक दुरुस्त करायची, नवी अनुक्रमणिका लिहायची. म्हणजे जोडलेली फाइल ही दोन जुन्या फायली चिकटवून होत नाही. दोन्ही उसवून एक नवी शिवलेली असते. माझ्या सातबाऱ्याचं काय झालं याचा पहिला धागा इथं हाती लागला.

या मुक्त साधनांचं आयुष्य मात्र एखाद्या गावातल्या वाचनालयासारखं असतं. एक माणूस गेला की कुलूप. पीडीएफटीके ज्या संकलकावर उभं होतं तो २०१७च्या सुमारास मूळ प्रकल्पातून काढून टाकला गेला आणि लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांतून पीडीएफटीके गायब झालं. मग मार्क विन्याल्स यानं ते जावा भाषेत नेलं आणि पुन्हा चालतं केलं. त्याला हे करायला कुणी सांगितलं नव्हतं.

*

इथवर ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ असा होता : साधन तुमच्या घरी येणार, काम तुमच्या यंत्रावर होणार, कागद तुमच्या खणातून बाहेर पडणार नाही. २०१०नंतर हा अर्थ पालटला. बार्सिलोनात २०१०मध्ये आयलव्हपीडीएफ सुरू झालं. झुरिकमध्ये २०१३मध्ये स्मॉलपीडीएफ, तेही आधी केवळ फाइल लहान करून देण्यासाठी. नंतर शेकड्यानं आली. आता साधन घरी येत नाही, कागदच साधनाकडं जातो. काम झाल्यावर ठरावीक वेळानं तो पुसला जातो असं नावाजलेल्या साइट सांगतात, आणि त्यांच्यावर विश्वास न ठेवण्याचं कारण माझ्याकडे नाही. पण त्या रात्री मी नावाजलेल्या साइटवर गेलो होतो का? मला साइटचं नावही आठवत नाही. तीन आधार कार्डं दिली, आणि कुणाला दिली ते सांगता येत नाही. मार्च २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयानं नेमका याच बाबतीत जाहीर इशारा दिला : फायली बदलून-जोडून देणारी काही फुकट साधनं काम तर करून देतात, पण परत येणाऱ्या फाइलीतून यंत्रात नको ते सॉफ्टवेअर घुसवतात आणि पाठवलेल्या कागदांतून ओळखक्रमांक खरवडून घेतात. तो इशारा वाचून मी आईच्या बँकेचे तपशील तीन दिवस तपासत होतो. काही झालं नव्हतं. निदान अजून.

पण लोकांनी हे का स्वीकारलं हे कळायला बार्सिलोनाला जावं लागत नाही. आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर एक सेवा केंद्र आहे. दुसऱ्यांदा सातबारा काढायला मी तिथं गेलो होतो. चालवणारा पोरगा पंचविशीचा, हुशार. त्याच्या पडद्यावर जोडणाऱ्या-लहान करणाऱ्या साइटचे आठ टॅब कायम उघडे. शिष्यवृत्ती, पीक विमा, रेशन कार्ड, भरतीचे अर्ज, प्रत्येकाची मागणी वेगळी : फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबी, दाखले एकत्र करून इतके. बांधावरून थेट आलेला माणूस मोबाइलवर काढलेला दाखल्याचा फोटो दाखवतो, पोरगा तो व्हॉट्सॲपवर घेतो, ओढतो, टाकतो, दाबतो. "काका, साइज बसवून देतो, दहा रुपये." त्या माणसाकडे संगणक नाही. मुक्त सॉफ्टवेअर त्याच्या घरी यायचं म्हटलं तर कुठं येईल? पोर्टल बांधणाऱ्यानं एक आकडा लिहिला, ‘कमाल २ एमबी’, आणि त्या आकड्यानं या पोराला रोजगार दिला आणि त्या साइटना गिऱ्हाईक.

फाइल शोधायला त्यानं डाउनलोडचं फोल्डर उघडलं तेव्हा मला दिसलं : आधार (१), आधार (२), अशी रांग आधार (३१७)पर्यंत गेली होती. आख्ख्या तालुक्याचे अंगठे, जन्मतारखा आणि चेहरे एका यंत्राच्या एका फोल्डरमध्ये पडून. दूरच्या सर्व्हरची काळजी करणारा मी तिथं गप्प बसलो. "हे पुसत नाहीस का रे?" विचारलं तर तो म्हणाला, "लोक परत येतात ना सर. मागचं आहे का म्हणून विचारतात." खरंच होतं ते. तालुक्याचं दफ्तरच ते.

*

कागद एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत जाताना काय राहतं आणि काय गळतं, हा या इतिहासातला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग.

जे गळालं असं वाटतं ते कधीकधी राहतं. २००५च्या मार्चमध्ये बगदादजवळ अमेरिकन सैनिकांच्या गोळीबारात निकोला कालिपारी हा इटलीचा गुप्तचर अधिकारी मारला गेला. ओलीस ठेवलेल्या जुलियाना स्ग्रेना या पत्रकार बाईंना सोडवून तो विमानतळाकडे नेत होता. अमेरिकी सैन्यानं चौकशीचा अहवाल पीडीएफमध्ये प्रसिद्ध केला. नावं आणि गुप्त तपशील काळ्या पट्ट्यांखाली झाकले होते. इटलीतल्या वाचकांनी काळा मजकूर निवडला, कॉपी केला, दुसरीकडे चिकटवला. सगळी नावं उघडी. काळी पट्टी हा वरून ठेवलेला वेगळा चौकोन होता, खालची अक्षरं जागच्या जागी होती. अशीच चूक २०१९च्या जानेवारीत पॉल मॅनाफोर्टच्या वकिलांनी अमेरिकेच्या न्यायालयात केली. चौदा वर्षांत वकिलांपर्यंत बातमी पोचली नव्हती.

पीडीएफची दुरुस्तीही अशीच असते. फाइलीत बदल करून ती साठवली की पुष्कळदा जुनी वस्तू खोडली जात नाही. नवी वस्तू शेवटी जोडली जाते आणि अनुक्रमणिका नव्या वस्तूकडे बोट दाखवते. जुनी आतच असते. सातबाऱ्यावर आपण मयताचं नाव खोडत नाही, कंस करतो, त्याची ही मावसबहीण. फरक एवढाच की सातबाऱ्यावरचा कंस सगळ्यांना दिसतो.

आणि जे राहिलं असं वाटतं ते कधी बदललेलं असतं. २०१३च्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडे बदलतात. एका घराच्या आराखड्यात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती. स्कॅन केलेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३ चौरस मीटर झाल्या. कारण असं : फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र पानावरचे एकमेकांसारखे दिसणारे तुकडे शोधायचं, एकच तुकडा साठवायचं आणि तोच सगळीकडे वापरायचं. सहाचा आठ व्हायचा, तोही स्वच्छ, ठसठशीत. डाग असता तर शंका आली असती. कंपनीनं नंतर दुरुस्ती पाठवली. ज्या कंपनीचं नाव आपण नक्कल या शब्दाला पर्याय म्हणून वापरतो तिच्या यंत्रांची ही गोष्ट आहे. आमच्याकडे अजूनही ‘दोन झेरॉक्स काढून आण’ असंच म्हणतात. ही गोष्ट वाचल्यावर मी माझी लहान केलेली फाइल मोठी करून गट नंबर एकेक आकडा तपासला. आकडे ठीक होते. प्रतिज्ञापत्रावरचा आईचा अंगठा मात्र शाईचा नुसता ठिपका झाला होता. आईला सही येते. हात थरथरतो म्हणून तिनं त्या दिवशी अंगठा लावला होता.

मराठीचं गळणं तर स्वतंत्र आहे. २००४ साली एका दिवाळी अंकात माझा पहिला लेख आला होता. अंकाची पीडीएफ मिळाली, लेखातला एक उतारा उचलून चिकटवला, तर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा. त्या काळातले आपले बहुतेक फाँट इंग्रजी अक्षरांच्या खुर्च्यांवर देवनागरी आकार बसवून केलेले होते. कृतिदेव फाँटात ‘मराठी’ असं दिसतं तेव्हा संगणकाच्या लेखी तिथं ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असतात. अंगावर नऊवारी, आत भलतीच बाई. कागदावर छापायचं होतं तोवर कुणाचं काही बिघडलं नाही. युनिकोड आल्यावरही दुखणं पुरतं गेलं नाही. ऱ्हस्व वेलांटी आपण व्यंजनानंतर उच्चारतो, युनिकोडमध्ये ती नंतरच साठवली जाते, पण दिसते आधी. पीडीएफला दिसण्याशी मतलब. मजकूर परत काढणारं साधन डावीकडून उजवीकडे वेचत जातं, आणि ‘विहीर’ या शब्दातली पहिली वेलांटी उडी मारून शब्दाच्या पुढं एका ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसते. फाँटाबरोबर कोणता आकार म्हणजे कोणतं अक्षर याचा तक्ता जोडण्याची सोय पीडीएफमध्ये आहे. तो तक्ता नीट भरलेला नसतो, आणि फायली जोडणारं-लहान करणारं साधन कधी त्यालाही धक्का लावतं. ‘पीडीएफ संपादित करा’ असं म्हणणाऱ्या कुठल्याही फुकट साधनात मराठी परिच्छेद घालून पाहा. दहा मिनिटांत तुम्ही मूळ वर्ड फाइल कुणाकडं आहे ते विचारायला फोन लावाल.

इथं थोडं बरंही सांगतो. २०११मध्ये मोझिलाच्या लोकांनी ब्राउझरमध्येच पीडीएफ उघडणारं कोड लिहिलं आणि ते मुक्त केलं. गेल्या काही वर्षांत वेबअसेम्ब्ली नावाच्या सोयीमुळे जोडणं-तोडणंही ब्राउझरच्या आत, म्हणजे आपल्याच यंत्रावर होऊ लागलं आहे. दिसायला साइट, पण कागद कुठं जात नाही. ओळखायची एक युक्ती एका मित्रानं शिकवली : साइट उघडायची, मग घरचा वायफाय बंद करायचा आणि मग ‘जोडा’ दाबायचं. जोडलं गेलं तर काम घरातच झालं. सेवा केंद्रातल्या पोराला मी ही युक्ती दाखवली. त्याला आवडली. "पण सर, वायफाय बंद केला तर मागची रांग ओरडेल," म्हणाला.

*

सहीकडे येतो.

पीडीएफमध्ये डिजिटल सहीची सोय १९९९पासून आहे. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २०००चा, त्यानं अशा सहीला कायद्याची मान्यता दिली. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले ते २०१८पासून. सही करताना फाइलीतल्या पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत, फक्त सहीची स्वतःची जागा सोडून, सगळ्याचं एक गणिती सार काढतात आणि ते सार सही करणाऱ्याच्या गुप्त किल्लीनं बंद करतात. उघडणारं सॉफ्टवेअर तेच गणित पुन्हा करून पाहतं. एक बाइट इकडचा तिकडे झाला असेल तर उत्तर जुळत नाही. पानावर दिसतो तो चौकोन, ते नाव, ती तारीख, कधी हिरवी खूण आणि बहुतेक वेळा ‘वैधता अज्ञात’ म्हणणारं पिवळं प्रश्नचिन्ह, हे सगळं माणसांसाठी. ते नुसतं चित्र.

सही त्या फाइलीवर असते, पानावर नसते. अण्णा शिवलेल्या फाइलीवर ‘पृष्ठे १ ते ४२’ लिहून सही करायचे, तशी. मी काय केलं, तर सातबाऱ्याची फाइल उसवायला दिली, पान काढून सहा दुसऱ्या कागदांबरोबर नव्यानं शिवायला लावलं, आणि सही मागितली. कुणीही दिली नसती. साधनाची चूक नव्हती. जोडणारं कुठलंही साधन, फुकट असो की महागाचं, हेच करील. चूक अटीत होती. एकाच अर्जात सहीचा कागद मागायचा आणि तो बाकीच्यांबरोबर एकाच पीडीएफमध्ये शिवून मागायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. पीडीएफला जोडपत्र म्हणून दुसरी अख्खी फाइल जशीच्या तशी पोटात ठेवता येते, सहीला धक्का न लावता. तसं करूनही पाहिलं. पोर्टलनं फाइल घेतली, आणि उघडणाऱ्याला फक्त वरचं पान दिसलं.

शेवटी गावी जाऊन तलाठी भाऊसाहेबांना भेटलो. मी सार, किल्ली, बाइट असं काहीबाही सांगायला लागलो. त्यांनी पाचेक वाक्यं ऐकली. "अहो सर, सातबारा वेगळा टाका की. खाली ‘इतर’ म्हणून रकाना आहे. सगळे तिथंच टाकतात." आणि अंगठ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "आणि हे जरा नीट स्कॅन करून आणा. कुणाचा आहे कळंना."

टाकला. पंधरा दिवसांची नोटीस निघाली, कुणाची हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. अण्णांच्या नावाला कंस झाला, खाली आम्हा तिघांची नावं आली. ज्या दिवशी मी नोंदीची प्रत घ्यायला गेलो, तेव्हा भाऊसाहेबांच्या टेबलावर आमच्या अर्जाची फाइल होती. ऑनलाइन आलेला प्रत्येक कागद त्यांनी छापून घेतला होता. सहीचा सातबारा, आईचा नवा अंगठा, आधार कार्डं, सगळे पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेले. वर निळ्या बॉलपेननं पानांची संख्या.

गाठ पुढच्या बाजूला होती.